चौदावा करार

"अंगठे तेरा आणि करार चौदा," दीपेशदादा म्हणाला. "हा चौदावा माणूस कोण, ते मला जेवणाआधी कळलं पाहिजे."

पॅकिंग शेडमधले सगळे त्याच्याकडे वळले. हिरव्या जाळीतून ठिबकणारं पाणी बादलीत पडत होतं. दादाच्या समोर धोंडीबाबा उभे होते, एकोणीस वर्षांपासूनचे आमचे मुकादम. त्यांच्या मागे जिवली, नवशी आणि बाकीची माणसं, सकाळीच तुक्याच्या टेम्पोतून उतरलेली, पायांवर अजून उधव्याचा चिखल.

भाताची आवणी, म्हणजे लावणी, उरकून माणसं परत येतात तो दिवस आमच्या घोलवडच्या नर्सरीत सणासारखा असतो. आजोबांची रीत आहे ती. करार अकरा महिन्यांचा. तो जूनच्या शेवटी संपतो, कारण तेव्हा काहीही कबूल केलं तरी उधव्याचा आणि वेवजीचा माणूस थांबत नाही, त्याला आपल्या शेतात भात लावायचा असतो. या मधल्या सुट्टीला सगळे ब्रेक म्हणतात, आणि वीस-बावीस दिवसांनी परत येतात. येताना प्रत्येक जण घरचे मूठभर तांदूळ पळसाच्या पानात बांधून आणतो. त्या पुरचुंड्या एका टोपात सोडायच्या, एकच भात शिजवायचा, सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि मग नव्या करारावर सह्या. ज्याला परत ठेवायचं नाही त्याची पुरचुंडी न सोडता परत द्यायची. माझ्या आठवणीत हे एकदाच झालं. तो माणूस पुरचुंडी मांडीवर घेऊन शेडच्या पायरीवर कितीतरी वेळ बसला होता, आणि मी त्याला बिस्किट द्यायला गेले तर मला ओढून घरात नेलं होतं.

आज दादाने एक पुरचुंडी परातीतून उचलून टेबलाच्या कोपऱ्यावर वेगळी ठेवली होती. धोंडीबाबांची.

"मी तुम्हाला चोर म्हणत नाही," दादा म्हणाला. म्हणजे म्हणतच होता. "पण माणसं तुम्ही आणता, नावं तुम्ही देता. मार्चपासून मशीनवर तेरा जण अंगठा लावतात. गेल्या वर्षीच्या करारांवर सह्या चौदा. जो माणूसच नाही त्याची सही कुठून येते?"

"सही खरी आहे," धोंडीबाबा म्हणाले.

"कोणाची?"

"ज्याची आहे त्याची."

"हे काय उत्तर झालं?"

"मला तेवढंच येतं, शेठ."

मागे नवशीने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की घाबरली होती, ते तेव्हा मला कळलं नाही.

दादा मोठ्या काकांचा मुलगा. चार वर्षं वापीच्या एका कंपनीत माणसं घ्यायच्या-काढायच्या खात्यात होता आणि मार्चमध्ये नोकरी सोडून अंगठ्याचं मशीन घेऊन घरी आला. ती नोकरी का सोडली ते त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, पण फार नंतर, आणि मी इथेच लिहिते कारण नाहीतर तो या प्रकरणात उगाच दुष्ट दिसेल. तिथल्या एका ठेकेदाराने यादीत अकरा खोटी नावं घुसवली होती आणि कागदावर सही दादाची होती. त्यानंतर त्याने नसलेल्या माणसांची इतकी धास्ती घेतली, की आमच्या नर्सरीत एक नसलेला माणूस सापडल्यावर त्याला दोन रात्री झोप नव्हती.

"धोंडी, सांगून टाक रे," खुर्चीतून मोठे काका म्हणाले. "एवढं काय आहे त्यात."

मोतीरामकाका हे म्हणाले खरे, पण त्यांची काळजी वेगळीच होती. आजोबा गेल्यापासून दोन वर्षं करार तेच लिहायचे. लिहायचे म्हणजे मागच्या वर्षीची यादी शेजारी ठेवून उतरवायचे, एक डोळा टीव्हीकडे. चूक निघाली तर ती धोंडीची निघावी, असं त्यांना मनातून वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. म्हणून ते चष्मा पुसत बसले.

"ठीक आहे," दादा म्हणाला. "यंदा धोंडीबाबांचा करार होणार नाही."

त्याने ती पुरचुंडी उचलून धोंडीबाबांच्या हातात दिली.

असं काही होईल हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. पप्पा खोक्यांच्या थप्पीला टेकून उभे होते ते सरळ झाले. एरवी या दिवशी ते स्टेशनवर माल चढवायला असतात. यंदा दादाने 'घरातले सगळे हवेत' असा हट्ट धरला म्हणून थांबले होते.

"दीपेश, थांब जरा," पप्पा म्हणाले. "मांडवावर तीन हजार कलमं कापायला आलीत."

"माणसं मिळतात, काका."

"माणसं मिळतील. कलमं कोण कापणार? मी की तू?"

हे खरं होतं. आमच्याकडे रायणीचं, म्हणजे खिरणीचं, रोप मांडवावर चढवून चिकूच्या फांदीला बांधतात, दोन्ही जीव जुळले की मग फांदी झाडापासून कापतात. एक दिवस लवकर कापली तर कलम मरतं, फार उशीर केला तरी ऑर्डर जाते. आणि कोणतं कलम आज, कोणतं परवा, हे सांगणारी बोटं फक्त समोर उभ्या असलेल्यांची.

जिवली पुढे आली. तिने परातीतून स्वतःची पुरचुंडी शोधून काढली.

"मग माझीही राहू दे, दीपेशभाऊ. टेम्पो अजून उभाच आहे."

"जिवली, तुझं काही नाही यात."

"नाही कसं. धोंडीकाकांनी आणलं मला."

दादाचे कान लाल झाले. तो टेबलावरचे कागद उलटेसुलटे करायला लागला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. यंदा दहावीत गेल्यापासून शाळेत प्रार्थनेनंतरच्या बातम्या माझ्याकडे आहेत, माईक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जातं. म्हणूनच त्याने मला नावं वाचायला बसवलं होतं आणि मी इस्त्रीचा ड्रेस घालून बसलेही होते.

"रविना, तो चौदावा कागद वाच. मोठ्याने. सगळ्यांसमोर नाव येऊ दे, बघू कोण ओळखतं."

धोंडीबाबांनी पहिल्यांदाच मान वर केली. "पोरीला नको वाचायला लावू," ते म्हणाले.

पण मी तोवर सुरू केलं होतं.

"करार करून देणार," मी माझ्या बातम्यांच्या आवाजात वाचलं, "जयवंती सुकऱ्या वरठा, राहणार उधवा, तालुका तलासरी. काम, कलम बांधणे व कापणे. मुदत अकरा महिने."

तोंडातून नाव गेलं आणि मग कानावर आलं. सुकऱ्या वरठा हे माझे आजोबा आहेत, आईचे वडील. उधव्याला मी जाते तेव्हा दारातल्या शेवग्याखाली बसलेले असतात. त्यांना मुलगी एकच. इथे तिला सगळे शांती म्हणतात, पण उधव्यात कोणी म्हणत नाही. मामा तिला जयी म्हणतो.

मी कागद खाली ठेवला.

"दादा," मी म्हणाले, "ही आई आहे."

*

"काहीतरीच," मोतीरामकाका म्हणाले आणि हसले. कोणीच हसलं नाही, तसे तेही थांबले.

शेडच्या मागच्या बाजूला चुलीपाशी आई आणि रुपलवहिनी होत्या. आई हात पुसत आली. सकाळी ती त्याच टेम्पोतून उतरली होती, माहेरून. दर आवणीला जाते तशी.

"हो," ती म्हणाली. "मीच ती."

लग्नाआधी आई आमच्याच मांडवावर कलमं बांधायची आणि पप्पा तिच्यासाठी पाण्याचा पाइप सारखा तिकडेच न्यायचे, हे मला नंतर नवशीने सांगितलं. लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, शांती, आणि जुनं नाव त्या तांदळांबरोबर गोळा करून ठेवून दिल्यासारखं पुन्हा कोणी काढलं नाही. ती इथे कामाला होती, हेही कोणी काढायचं नाही. दादा तेव्हा अकरा वर्षांचा, वसतिगृहात. त्याच्यासाठी ती पहिल्या दिवसापासून शांतीकाकीच.

"सतरा वर्षं?" पप्पांनी विचारलं. त्यांचा आवाज कुठून तरी लांबून येत होता.

"एकोणीस. दोन लग्नाआधीची."

"अगं पण सांगायचं ना. काढून टाकलं असतं."

"कोणाला सांगायचं? लग्नानंतर पहिल्याच आवणीला धोंडीकाका कागद घेऊन चुलीपाशी आले. मामंजींनी बाहेर नाव वाचलं होतं. मी डोक्यावर पदर घेऊन भाकऱ्या थापत होते. मला वाटलं, तुम्ही सगळ्यांनी ठरवलं असेल, सून झाली तरी करार राहू दे. केली सही."

"आणि दुसऱ्या वर्षी?"

"दुसऱ्या वर्षी कळलं की कोणाच्या ध्यानातच नाही." आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तेव्हा मुद्दाम केली. पगार कधी उचलला नाही, नुसती सही."

पप्पा खोक्यावर बसले. ते खोकं चिकूच्या रोपांचं होतं, आतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला, पण कोणी लक्ष दिलं नाही.

"म्हणजे मी तुला दर वर्षी माहेरी..."

"तुम्ही टेम्पोपर्यंत सोडायला यायचात," आई म्हणाली, आणि तिचा सूर मऊ होता. "मी ब्रेकवर जायची."

पप्पांच्या डोक्यात काय चाललं असेल ते मला त्यांच्या तोंडावरच दिसत होतं. बोर्डीपासून डहाणूपर्यंत ते लोकांना सांगायचे, आमच्याकडे सुनेला कितीही काम असो, आवणीला वीस दिवस माहेरपण ठरलेलं. आणि तिकडे ती गुडघाभर चिखलात धोंडीबाबांच्या रांगेत भात लावत होती.

मला परात आठवली. लहानपणी मी पुरचुंड्या मोजायचे, तर माणसं तेरा आणि पुरचुंड्या चौदा. एकदा विचारलं होतं, ही जास्तीची कोणाची, तर नवशी म्हणाली होती, देवाची. सगळे किती हसले होते. मी आत्ता नवशीकडे बघितलं. ती शेडच्या पत्र्याकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"सगळ्यांनाच माहीत होतं गं," नवशी म्हणाली. "तिनेच शपथ घातलेली."

मोतीरामकाकांनी चष्मा लावला, कागद ओढून घेतला, नाव वाचलं. मग त्याच्या आधीच्या वर्षीचा वाचला. स्वतःच्याच अक्षरात, दोन वेळा. जयवंती कोण हे त्यांना चांगलं माहीत होतं, भावाच्या लग्नात बोलणी त्यांनीच केली होती. हात लिहीत होता आणि आपण कुठे होतो, असं त्यांच्या मनात आलं असणार.

"खोड ते, दीपेश," ते म्हणाले. "चूक माझी आहे. मी नुसतं उतरवत गेलो. घरच्या सुनेला करारावर ठेवलंय असं गावात कळलं तर तोंड दाखवायला जागा नाही."

"गावाला माहीत आहे, भावोजी," आई म्हणाली. "घरालाच नव्हतं."

दादाने पेन उघडलं होतं. आईने कागदावर हात ठेवला.

"खोडायचं नाही."

"काकी, तुम्ही घरच्या आहात. तुम्हाला कशाला हा कागद?"

"घरची आहे, ते कुठे लिहिलंय? दाखव."

भिंतीवर आजोबांच्या नावाची पाटी होती. त्याखाली मोठ्या काकांच्या नावाचं लायसन्स, काचेत. दादाने दोन्हीकडे बघितलं आणि पेनाला टोपण लावलं.

"मांडवावर मी असते, विकायची कलमं मी निवडते, मेलेली मी मोजते," आई म्हणाली. "हे लिहिलेला एवढा एकच कागद आहे. आणि वर्षातून एकदा धोंडीकाका चुलीपाशी येऊन 'जयवंती, सही' म्हणतात. या घरात त्या नावाची तेवढीच हाक होती."

रुपलवहिनी हातात डाव घेऊन मागे उभी होती. वहिनी उंबरगावची, रागावली की गुजरातीत जाते, म्हणून आम्ही तिची भाषा बघून हवामान ओळखतो.

"काकींचं नाव एका कागदावर तरी आहे," ती म्हणाली. "तीन वर्षं फोनवरच्या सगळ्या ऑर्डरी मी घेते. लेबलं मी छापते. माझं नाव कशावर आहे, दीपेश?"

"रुपल, तू आता मध्ये नको."

"हुं तो बोलीश. बोलणारच मी."

वादळ आलं होतं तर. दादा सकाळी चौदाव्या माणसाला पकडायला बसला होता आणि आता त्याच्या टेबलासमोर त्याची बायको मुकादमाच्या शेजारी जाऊन उभी राहिली होती.

आईने परातीतून एक पुरचुंडी उचलली. ती कोणती हे तिला शोधावं लागलं नाही. धोंडीबाबांच्या हातातली दुसरी घेतली आणि दोन्ही दादासमोर ठेवल्या.

"दोन्ही सोड," ती म्हणाली. "नाहीतर दोन्ही परत दे."

"परत म्हणजे?" मी विचारलं. "परत कुठे जाणार तू?"

"उधव्याला. ज्याचा करार होत नाही तो कुठे जातो?"

"आणि मी?"

"तुझी शाळा आहे. तू इथेच राहशील."

ती माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर तिला ते बोलता आलं नसतं, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त बाहेर उभा असलेला टेम्पो दिसला, आणि त्याच्या दारात तुक्या, विडी विझवून, आत काय ठरतंय त्याची वाट बघत.

*

दादाने त्या दोन हिरव्या पुरचुंड्या जवळ ओढल्या. त्याने मला नंतर सांगितलं, की त्याला त्या वेळी वापीची ती यादी आठवत होती. तिथे अकरा नावं होती आणि माणसं नव्हती. इथे माणूस रोज त्याला जेवायला वाढत होता.

तो उठला. टेबलाला वळसा घालून धोंडीबाबांच्या समोर गेला.

"बाबा, माझं चुकलं. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर सुटला असतात."

"माझा शब्द नव्हता तो," धोंडीबाबा म्हणाले. "तिचा होता."

दादाने त्यांची पुरचुंडी सोडून तांदूळ टोपात ओतले. जिवलीने न सांगता आपली ओतली. मग दादा आईकडे वळला.

"काकी, तुमचा करार मी वेगळा करतो. कायमचा. मुदत नको."

"मला वेगळा नको. धोंडीकाकांचा आहे तसाच दे, अकरा महिन्यांचा. कायमचा करायचा असेल तर चौदाच्या चौदा कर."

मोतीरामकाका खोकले. "ते बघू पुढे."

"बघा," आई म्हणाली. "मी आहेच अकरा महिने."

शेडमध्ये पहिल्यांदा कोणीतरी हसलं. धोंडीबाबा होते ते.

दादाने छापलेला फॉर्म काढला. "दोन काढ," वहिनी म्हणाली, तसा त्याने निमूट दुसराही काढला. नाव विचारलं तर आईने सांगितलं, जयवंती. पुढे पप्पांचं सुदाम की वडिलांचं सुकऱ्या, असं त्याने विचारल्यावर ती म्हणाली, "होतं तेच राहू दे." पप्पांनी मान हलवली, हो म्हणून की कसं, ते त्यांनाही माहीत नसावं.

"आता मशीन," दादा म्हणाला. "नावासमोर अंगठा लागतो."

आईने अंगठा ठेवला. मशीनमधली बाई म्हणाली, प्लीज ट्राय अगेन. आईने पुन्हा ठेवला. प्लीज ट्राय अगेन. तिसऱ्यांदाही तेच.

"चीक बसलाय अंगठ्यावर," जिवली म्हणाली. "एकोणीस वर्षांचा. आमचं पण असंच होतं. खोबरेल लावून पुसायचं, मग घेतं."

खोबरेलाची बाटली मशीनच्या मागेच असते. मार्चपासून तिथे आहे आणि ती कशासाठी, हे मला त्या दिवशी कळलं. मी उचलायच्या आत पप्पा उठले. त्यांनी रुमालाच्या टोकावर तेल घेतलं, आईचा हात आपल्या हातात घेतला आणि सगळ्यांसमोर तिचा अंगठा पुसायला लागले, सावकाश, रेघेरेघेतून. चिकूचा चीक काळा होऊन निघत होता. आईचे कान लाल झाले होते. नवशीने परत पदर तोंडाला लावला, आणि या वेळी ती हसत होती हे मला नक्की कळलं.

"ठेव आता," पप्पा म्हणाले. "जयवंती."

तिने ठेवला. मशीनमधली बाई म्हणाली, थँक यू.

चौदावी पुरचुंडी आईने स्वतः सोडली. भात शिजला, थोडा खाली लागला, कारण वहिनी सगळा वेळ बाहेर उभी होती. पण कोणी काही म्हटलं नाही. पंगतीत आई धोंडीबाबांच्या शेजारी बसली, आणि पप्पा एरवी काकांशेजारी बसतात ते ताट घेऊन तिच्या दुसऱ्या बाजूला आले. दोन घास होईपर्यंत ते नुसते आमटी कालवत राहिले.

"पुढच्या आवणीला," ते हळूच म्हणाले, "मी पण येऊ का गं उधव्याला? लावायला?"

आईने त्यांच्या ताटात भात वाढला.

"तुम्हाला ब्रेक कोण देणार?" ती म्हणाली. "तुमचा करार कुठाय?"